थंडी आतून अडवायची, रंग बाहेर ठेवायचे

परवा पहाटे मोटर चालू करायला गच्चीवर गेले तर तोंडातून वाफ, म्हणजे दिल्लीत थंडी आली एकदाची. दरवर्षी या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मुली एकच काम करतात, उन्हाळ्याचे रंगीत ड्रेस धुवून घडी करून पलंगाच्या पेटीत टाकतात आणि त्याच पेटीतून काळं, राखाडी, चॉकलेटी, पुन्हा काळं असं बाहेर काढतात. सोमवारी लिफ्टमध्ये शिरलं की सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातून कापलेत असं वाटतं. पहिल्या वर्षी मी पण तेच केलं होतं. आता नाही करत. माझा हळदी रंगाचा ड्रेस, राणी कलरचा, पोपटी इकतचा, सगळे डिसेंबर-जानेवारीत अंगावर असतात आणि मी कुडकुडत नसते, हे आधीच सांगून टाकते कारण पहिला प्रश्न तोच येतो, अगं थंडी नाही का वाजत? नाही वाजत. माझी मावसबहीण पुढच्या महिन्यात नोकरीसाठी गुरगावला येतेय, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं इथे एकदाच सगळं लिहून काढावं.

आधी हे ड्रेस आले कुठून ते सांगते, कारण त्याच्यामुळेच मी एवढी हट्टाला पेटले. आई शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं रोज कॉटनची साडी, खळ घालून कडक इस्त्री केलेली. रिटायर झाल्यावर एक दिवस कपाट उघडून बसली आणि म्हणाली, मला आता एवढ्या नकोत, तुला काही करता येत असेल तर बघ यांचं. मी सात साड्या उचलल्या आणि आमच्या पेठेतल्या टेलरकाकांकडून सात ड्रेस शिवून घेतले, बिनबाह्यांचे, खाली भरपूर घेर, आणि घेराला साडीचा काठ जसाच्या तसा. हळदी रंगाची नारायणपेठ होती, तिला वांगी रंगाचा काठ. राणी कलरच्या साडीला मोरपंखी. पोपटी पोचमपल्ली इकत, केशरी संबळपुरी, अशा सगळ्या. आईचे रंग नेहमी असेच ठळक, ती म्हणायची शेवटच्या बाकावरच्या पोराला पण दिसलं पाहिजे बाई वर्गात आल्यात ते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये मी हे ड्रेस इतके वापरले की माझी ओळखच ती झाली.

सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीला आले तेव्हा बॅगेत हेच होतं. ऑक्टोबर मजेत गेला, नोव्हेंबरमध्ये स्टोल घेतला, आणि डिसेंबरमध्ये मी हरले. जनपथवरून एक जाडजूड काळं जॅकेट घेतलं, काळी जीन्स, काळे बूट आणि सातही ड्रेस बॅगेत. त्या वर्षीचा ३० डिसेंबर मला अजून आठवतो, दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंश होतं, १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये डिसेंबरातला इतका थंड दिवस झाला नव्हता. पुण्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागतो की दिल्लीत खरा त्रास रात्रीचा नसतो, रात्री रजईत असतोच आपण, त्रास दिवसाचा असतो, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही, आणि इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, दगडी फरशी, उंच छत, खिडकीच्या फटी, त्यामुळे घराच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. त्या धुक्यात मी काळ्या जॅकेटमध्ये आणि सगळं शहर काळ्या जॅकेटमध्ये. त्या दोन महिन्यांत मला अगदी उदास वाटायचं आणि त्यातला बराचसा भाग कपड्यांचा होता असं मी आज ठामपणे सांगू शकते.

माझ्या घरमालकीणबाई पंजाबी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, सगळे त्यांना आंटीच म्हणतात. जानेवारीत एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "वो पीली वाली ड्रेस कहाँ गई तेरी?" मी म्हटलं, आंटी इतनी ठंड में? तर म्हणाल्या, "ठंड तो अंदर रोकते हैं बेटा, ऊपर जो मर्जी पहनो." आणि हात धरून मला आत घेऊन गेल्या आणि स्वतःच्या सलवार-कमीजच्या आत काय काय घातलंय ते दाखवलं. अंगाला चिकटून पातळ थर्मल, त्यावर लोकरीचं बारीक विणीचं बनियन, मग कमीज, ती पण गुलाबी. बस. या वयाच्या बाईला एवढ्यावर थंडी वाजत नव्हती आणि मी एवढं मोठं जॅकेट घालून गारठत होते.

मला ते घरी येऊन विचार केल्यावर समजलं, आणि समजलं ते गोधडीवरून. आजीची गोधडी आठवा, जुनी सुती लुगडी एकावर एक, चार-पाच थर, आणि सगळीकडून धावदोरा. त्यातलं एकही लुगडं स्वतः गरम नसतं. ऊब येते ती थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची. हलती हवा थंडी आणते, अडकलेली हवा थंडी अडवते, एवढाच सगळा खेळ आहे. एकच जाड जॅकेट घातलं की ते अंगापासून सुटं राहतं, खालून, गळ्यातून वारा आत-बाहेर करतो, आणि अंगाला लागून पातळ, घट्ट बसणारा थर असला की तिथली हवा हलत नाही. म्हणजे ऊब द्यायचं काम अंगाजवळच्या दोन थरांचं. सगळ्यात वरच्या कपड्याने गरम असलंच पाहिजे असं काही नाही. आणि वरचा कपडा गरम असायची गरज नसेल तर तो माझा हळदी रंगाचा कॉटनचा ड्रेस का नसावा?

लोक करतात ते याच्या बरोबर उलटं. उन्हाळी ड्रेस आत आणि त्याच्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, खाली जीन्स. मग ड्रेसचा दिसतो तो फक्त घडी पडलेला खालचा वीतभर भाग, आणि कॉटन अंगाला लागून असल्यामुळे जिना चढताना, मेट्रोत घाम आला की तो शोषून ओलं होतं आणि ओलं कॉटन अंगावर बर्फासारखं लागतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. लोकर तशी नाही, ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून अंगाला लागून लोकर नाहीतर चांगलं थर्मल, आणि कॉटन सगळ्यात बाहेर. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता थर्मल. दुकानात गेलं की पहिलं ऑफ-व्हाइट दाखवतात, ते घेऊ नका, ते ड्रेसच्या गळ्यातून डोकावलं की बनियन दिसतं. काळं पण एकच घ्या. बाकी रंगीत पातळ हायनेक घ्या, इथे त्याला स्कीव्ही म्हणतात, गडद वांगी, बाटली हिरवा, मोरपंखी, मरून. थर्मल एकदम पातळ आणि खोल गळ्याचं, त्यावर हायनेक, त्यावर बिनबाह्यांचा ड्रेस. मी युनिक्लोची हीटटेकवाली वापरते, ती कागदासारखी पातळ असतात आणि मुंढ्यात गोळा होत नाहीत, पण सरोजिनीत, लाजपतनगरला लुधियानाचा माल मिळतो तो पण चांगला असतो, फक्त हातात घेऊन ताणून बघायचा, ताणून सोडल्यावर जागेवर आला पाहिजे.

मुंढ्यावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. बिनबाह्यांचा ड्रेस उन्हाळ्याच्या मापाने शिवलेला असतो, त्यात दोन थर घातले की काखेत आवळतं आणि मग हात वर करता येत नाही, मेट्रोतलं वरचं हँडल धरलं की अख्खा ड्रेस वर येतो. मी टेलरकाकांना नशिबाने आधीच सांगितलं होतं की बाजूला माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, जास्त सोडा, म्हणून पुढच्या सुट्टीत पुण्याला गेल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच उसवून दिला आणि मुंढा थोडा खाली घेतला. आता उन्हाळ्यात तो किंचित सैल होतो, पण उन्हाळ्यात सैलच बरं. तुम्ही नवा शिवून घेत असाल तर माया सोडायला सांगाच, रेडीमेड घेत असाल तर एक साइज मोठा घ्या.

आता रंगाचं. सगळ्यांना इथेच भीती वाटते, पिवळ्यावर काय घालू, भडक होईल, म्हणून मग काळा स्वेटर. मला स्वतःला काळ्याचं काही वावडं नाही पण दरवेळी काळा घातला की पिवळा रंग मध्येच कापल्यासारखा दिसतो. मला याचं उत्तर ड्रेसच्या काठातच मिळालं. आपल्याकडे साडी विणणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय की, अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या, आणि तो दुसरा रंग मिळताजुळता नसतो, चांगला ठसठशीत विरोधी असतो. पिवळ्याला वांगी, हिरव्याला लाल, राणीला मोरपंखी, केशरीला गडद निळा. पैठणी बघा, इरकल बघा. एवढा विरोध असून कुणी त्याला भडक म्हणत नाही, भरजरी म्हणतात. का? कारण प्रमाण ठरलेलं असतं, अंग जास्त, काठ कमी. मग मी ठरवून टाकलं की ड्रेस म्हणजे अंग आणि हायनेक, पायमोजे, स्टोल म्हणजे काठ-पदर. हळदी ड्रेस, वांगी हायनेक, वांगी लेगिंग. राणी ड्रेस, मोरपंखी हायनेक. पोपटी इकतच्या आत मरून. ज्या दिवशी हे पहिल्यांदा करून ऑफिसला गेले त्या दिवशी तीन जणींनी विचारलं नवीन घेतलास का, आणि तो ड्रेस त्यांनी ऑक्टोबरपर्यंत दहा वेळा तरी पाहिला होता.

ज्यांचे ड्रेस काठाचे नाहीत, प्रिंटचे आहेत, सांगानेरी, बगरू, अजरख वगैरे, त्यांनी प्रिंटमधला सगळ्यात कमी वापरलेला रंग शोधायचा. म्हणजे पिवळ्या जमिनीवर लाल फुलं आणि फुलांच्या मधोमध बारीकसा हिरवा ठिपका असेल तर हायनेक त्या हिरव्याचा, पण दोन शेड गडद. लाल नाही. लाल घेतला तर तो प्रिंटशी भांडतो आणि दोघंही हरतात.

हे सगळ्याच ड्रेसना जमतं असं नाही. सात वर्षांपूर्वी घेतलेला एक क्रेपचा, बारीक पट्ट्यांचा, अंगालगत पडणारा ड्रेस आहे, तो मी तीनदा प्रयत्न करून सोडून दिला, आतल्या थरांच्या सगळ्या शिवणी त्याच्यातून दिसतात. थंडीत चालतो तो अंग असलेला कपडा, पॉपलीन, खादी, हातमागाचं जाडसर कॉटन, इकत, आणि बेताने घेर किंवा कळ्यांचा. मलमलचा चालतो पण त्याला अस्तर हवंच. आणि पांढऱ्या जमिनीवर फिकी-फिकी फुलं असलेले ड्रेस धुक्यात अगदी विझून जातात, ते खरंच मे महिन्याचे आहेत. ठळक रंगच थंडीत तग धरतो.

वरून स्वेटर घालायचा झाला तर तो कमरेवर संपला पाहिजे, ही एक गोष्ट मी आंटींशी वाद घालून ठरवली. त्यांनी मला एक सुंदर राणी कलरचा बिनबाह्यांचा स्वेटर विणून दिला, पण दिल्लीच्या पद्धतीने लांब, पार मांडीपर्यंत. घेराच्या ड्रेसवर लांब स्वेटर घातला की कंबर कुठे आहे तेच समजत नाही आणि घेर सगळा दाबला जातो. मी त्यांना सांगितलं, आंटी, एवढा सुंदर विणलाय पण याच्याखाली माझा घेर मरतोय. त्यांनी एक मिनिट बघितलं, काही न बोलता खालचा भाग उसवला, नव्याने काठ विणला आणि उरलेल्या लोकरीची मला कानटोपी करून दिली. ती कानटोपी आणि तो स्वेटर हळदी ड्रेसवर घातला की मला पुण्यातली गणपतीची आरास आठवते, एवढं ते प्रसन्न दिसतं.

बाहेरच्या कोटाचं गणित वेगळं. कोट एकतर ड्रेसपेक्षा लांब हवा किंवा मग ड्रेस त्याच्याखाली निदान चार बोटं दिसला पाहिजे. मी दुसरा प्रकार करते कारण मला आईचा काठ दिसायला हवा असतो. शाल घेणार असाल तर कुल्लूची बघा, दिल्ली हाटला हिमाचलच्या स्टॉलवर मिळतात, मधलं अंग साधं, राखाडी किंवा बदामी, आणि दोन्ही टोकांना भौमितिक नक्षीचे भडक पट्टे. म्हणजे परत काठ-पदरच. त्या पट्ट्यातला एक जरी रंग तुमच्या ड्रेसमध्ये असला तरी जुळून येतं. आणि रस्त्यावर तीनशे रुपयांत पश्मीना म्हणून जे देतात ते रंगासाठी जरूर घ्या, उबेसाठी नको, ते बहुतेक व्हिस्कोस नाहीतर अ‍ॅक्रिलिक असतं. खरा पश्मीना लडाखच्या चांगथांगमधल्या बकऱ्यांच्या आतल्या लवेचा, १२ ते १६ मायक्रॉनचा, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो यावरून अंदाज करा, तेवढं बारीक कातून हातमागावर विणलेलं तीनशेत कसं येईल?

पाय. इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या. पहिल्यांदा स्किन कलरचे स्टॉकिंग घातले, ते दिल्लीत काहीच कामाचे नाहीत आणि दिसतातही विचित्र. स्टॉकिंगच्या पाकिटावर डेनिअर लिहिलेलं असतं, नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. ८० च्या खालचं डिसेंबरमध्ये बघू पण नका. कडाक्याच्या दिवसांत आतून फर असलेली लेगिंग, आणि तिच्या आत थर्मल नको, गुडघ्यात जाम होतं. लेगिंगच्या पायाचं टोक मात्र मोज्यात खोचायचं, हे आंटींनी शिकवलं, घोट्याजवळची दोन इंच उघडी जागा सगळी ऊब घालवते. बूट घोट्यापर्यंतचे, आणि लेगिंगच्याच रंगाचे किंवा एक शेड गडद. माझ्या कोल्हापुरी नोव्हेंबरला तेल लावून कागदात गुंडाळून ठेवते ते थेट होळीच्या आसपास काढते. अंगठ्याचे मोजे घालून कोल्हापुरी घालता येते, मी घालून पाहिली, पण खालची फरशी इतकी गार असते की तळव्यातून थंडी चढते.

एक त्रास सगळ्यांना होतो तो म्हणजे ड्रेस लेगिंगला चिकटून वर चढतो, चालताना पायात अडकतो. सिंथेटिक लेगिंग आणि हीटरने कोरडी झालेली खोली असली की चटचट आवाज पण येतो काढताना. त्यावर घेराच्या आतल्या बाजूला, शिवणीत, एक धातूची सेफ्टी पिन लावून ठेवायची, आणि पायांना भरपूर क्रीम किंवा खोबरेल. खोबरेल दिल्लीत गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवायची. तरी चिकटत असेल तर मध्ये साधा सुती परकर घाला, एक थर वाढतो तो फायद्याचाच, आणि घेर पण छान उभा राहतो.

रंग जातो की नाही ते मात्र आधी तपासा. जानेवारीत इथे एक-दोनदा पाऊस पडतो, पश्चिमेकडून ढग येतात आणि दिवसभर रिपरिप. अशा एका पावसात माझ्या राणी ड्रेसचा रंग आतल्या क्रीम हायनेकवर उतरला, खांद्यापासून कमरेपर्यंत गुलाबी ओघळ. आईच्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या, तरी हा रंग शिल्लक होता. ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासून बघायचा, रुमाल रंगला तर आत कधीच फिकं घालायचं नाही. आता राणीच्या आत मोरपंखीच.

दिल्लीचा दिवस पण लक्षात घ्यावा लागतो. सकाळी रिक्षात सहा-सात अंश आणि चेहऱ्यावर वारा, राजीव चौक मेट्रो स्टेशनच्या गर्दीत घाम, ऑफिसात ब्लोअर, दुपारी ऊन पडलं तर गच्चीवर वीस अंश आणि सगळे संत्री सोलत बसलेले. म्हणजे दिवसात चार हवामानं. म्हणून काढता येणारे थर बाहेर हवेत आणि न काढता येणारा आतला थर पातळ हवा. आतलं थर्मल जाड घेतलं की मेट्रोत जीव गुदमरतो आणि ते तिथे काढून ठेवता येत नाही.

संक्रांतीचं सांगते, कारण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे बरोबर जमलं. आपल्याकडे एरवी सणाला काळं चालत नाही, पण संक्रांतीला मुद्दाम काळं, थंडीच्या दिवसांत काळा रंग ऊन शोषून घेतो म्हणून, चंद्रकळा नेसायची, लहान बाळांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. नोएडाला एका काकूंकडे हळदीकुंकू होतं, माझ्याकडे काळी साडी नव्हती. मी काळं हायनेक, काळी लेगिंग आणि त्यावर हळदी ड्रेस असं घातलं, केसात अबोलीची वेणी घालायची होती पण मिळाली नाही. जायच्या आधी आईला व्हिडिओ कॉल केला.

ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मागे वळ बघू. काठ सरळ लावलाय ना त्यांनी?"
"सरळच आहे गं."
"दहावीच्या निरोप समारंभाला नेसले होते ही. फेब्रुवारी होता, अशीच थंडी होती त्या वर्षी, आत तुझ्या बाबांचा स्वेटर घातला होता मी ब्लाउजवर."

म्हणजे तिने पण तेच केलं होतं. मला कधीच सांगितलं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, आंटींकडे लोहडी असते, गच्चीवर शेकोटी पेटवून त्याभोवती फिरायचं, रेवड्या-शेंगदाणे टाकायचे. लोहडीला जाणार असाल तर अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर आणि पॉलिस्टरचा स्टोल घरी ठेवा. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहजी पेट घेत नाही. कॉटन मात्र पेटतं, त्यामुळे घेर हातात धरून जरा लांब उभं राहायचं आणि स्टोलची टोकं खोचून घ्यायची.

पुण्या-नाशिकच्या मैत्रिणी म्हणतील आम्हाला एवढ्या सगळ्याची गरज नाही. खरंय, निफाडला पारा पाच-सहावर जातो ते दिवस सोडले तर तुमची थंडी सकाळ-संध्याकाळचीच असते. तुम्ही थर्मल, फर वगैरे सगळं सोडा, पातळ हायनेक आणि वर डेनिम जॅकेट, झालं. दरवर्षी तिबेटी लोक स्वेटर घेऊन येतात त्यांच्याकडे रंगीत आखूड कार्डिगन मिळतात, मी सुट्टीत आले की तिथूनच घेते, हाताने विणलेले नसतात, लुधियानाचाच माल असतो पण रंग फार छान आणतात. गोधडीची जॅकेटं पण आता बऱ्याच प्रदर्शनांत दिसतात, कॉटन ड्रेसवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, वजनाला हलकं आणि घरातलं वाटतं.

धुण्याचं आईचं ऐकते. लोकरीला रिठा, कोमट पाणी, घासायचं नाही पिळायचं नाही, गरम पाण्यात चोळलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं, दोरीवर टांगलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. धुक्याच्या दिवसांत कॉटनचा ड्रेस वाळायला इथे दोन-दोन दिवस लागतात म्हणून मी रविवारी ऊन पडलं की सगळं सोडून आधी धुणं घालते.

सातपैकी सहा ड्रेस असे मार्गी लागले. सातवा राहिलाय, आईच्या पांढऱ्या साडीचा, त्यावर पांढरीच लखनवी चिकन, काठ नाही, रंग नाही, आणि कापड इतकं झिरझिरीत की आत काहीही घातलं तरी तेच दिसतं. आई ती साडी १५ ऑगस्टला नेसायची. आतमध्ये अख्खा लांब, गडद केशरी स्लिप-ड्रेस घालून वरून हा सातवा ड्रेस घातला तर चिकनच्या जाळीतून रंग दिसेल असं माझ्या डोक्यात आहे, कापड घेऊन ठेवलंय लोकरीचं, अगदी पातळ, आणि आंटींच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या दीदी आहेत त्यांना शनिवारी माप द्यायला जायचंय.